यात्रेचा पैसा आणि त्याची वही

उज्जैनीत यात्रेकरूंची गर्दी वाढली, हे आता कोणास सांगावयास नको. ज्या गल्ल्यांतून पूर्वी धान्याची हातगाडी सुखाने जात असे, तेथे आज शनिवार-रविवारी आणि श्रावणात पायी माणसासही वाट मिळत नाही. या गर्दीबरोबर पैसा येतो, हेही सर्वांस दिसते. परंतु तो पैसा नेमका कोणाच्या वहीत जमा होतो, त्यातून शहरासाठी काय खर्ची पडते आणि त्या जमाखर्चाची तपासणी कोण करतो, असे विचारले तर आमच्या पेठेतील जुनेजाणते व्यापारीही 'सरकार करते' एवढेच सांगून मोकळे होतात. सरकार म्हणजे कोण, हा प्रश्न मग तसाच राहतो. सभासद बंधूंस व त्यांच्या कुटुंबीयांस या विषयाची साधी पण खरी माहिती व्हावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

परदेशांत पुष्कळ ठिकाणी या कामासाठी एकच मंडळ नेमलेले असते. त्यास नगर पर्यटन आयोग म्हणतात. अमेरिकेतील केंटकी राज्याचा कायदा नमुन्यादाखल घेऊ. तेथे शहरास असा आयोग स्थापन करता येतो. त्यावर सात सभासद असतात, आणि त्यांतील काही जागा हॉटेलवाले, उपाहारगृहवाले व वाणिज्य मंडळ यांनी दिलेल्या नावांच्या यादीतून भरावयाच्या असतात. आयोगाच्या खर्चासाठी शहरात उतरणाऱ्या पाहुण्याच्या खोलीभाड्यावर शेकडा ३ पर्यंत कर बसविता येतो. हा कर शहराच्या सामान्य तिजोरीत मिसळावयाचा नाही. तो पर्यटनाच्या प्रचारासाठी व तत्संबंधी कामांसाठी निराळा ठेवावयाचा. दरवर्षी आयोगाने आपल्या गरजेची मागणी नगराच्या कारभाऱ्यांपुढे मांडावयाची, आणि वर्षाचे हिशेब बाहेरच्या हिशेबतपासनिसाकडून तपासून घ्यावयाचे. ज्याच्या धंद्यातून कर निघतो त्याचा माणूस मंडळावर बसतो, कर ज्या कामासाठी घेतला त्याच कामी लागतो, आणि वही तिऱ्हाईताच्या नजरेखालून जाते. आयोग म्हणजे एवढेच.

आम्हा व्यापाऱ्यांस यात नवल वाटण्याजोगे काही नाही. आपल्या चिमनगंज मंडीचेच पाहा. मध्य प्रदेशाचा कृषि उपज मंडी अधिनियम १९७२ चा. त्याप्रमाणे खरेदीदाराने मालाच्या किमतीवर बाजारशुल्क द्यावयाचे, आणि त्या शुल्कातून मंडीचे ओटे, छपरे, तोलकाटे, पाणी व दिवाबत्ती चालावयाची. समितीवर शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे आणि हमाल-तोलाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत, ही तरतूदही त्याच कायद्यातील. शुल्क देताना आपण कुरकुर करतो. पण ओट्यावर पावसाचे पाणी साचले की कोणाच्या दारी जावयाचे, हे आपणास ठाऊक असते.

आमच्या घरच्या भगिनींस तर मंडीचा दाखलाही नको. देरासरच्या पेढीवर देवद्रव्य निराळे, ज्ञानखाते निराळे, जीवदया निराळी आणि साधारण खाते निराळे, हे त्यांस लहानपणापासून पाठ असते. साधारण खात्यातील रुपया वरच्या क्षेत्रास लावता येतो. देवद्रव्यातील रुपया मात्र खाली उतरवून भोजनशाळेस किंवा उपाश्रयाच्या चुन्यारंगास लावता येत नाही. पावती फाडतानाच मुनीम विचारतो, 'कोणत्या खात्यात?' हा एक प्रश्न ज्या संस्थेत विचारला जातो, तिचे पुष्कळसे हिशेब आपोआपच सरळ राहतात. नगराच्या यात्राकारभारासही हाच प्रश्न लावून पाहावा, असे आमचे म्हणणे आहे.

आता उज्जैनकडे वळू. येथे केंटकीसारखा एक आयोग नाही. काम वाटले गेले आहे, आणि ते एकदम ठरवून वाटलेले नसून काळाच्या ओघात एकेक हात वाढत गेला आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा देवळाचा खर्च हा राज्याचा खर्च होता. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी माफीच्या जमिनी व औकाफ खाते यांच्या द्वारे देवस्थानांचा कारभार संस्थानच्या दफ्तरात राहिला. शहराचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः चुंगी. नाक्यावर गाडी थांबवून पोत्यामागे पैसे मोजलेले आमच्या वयाच्या लोकांस आठवतच असेल. यात्रेस लोक आले की धान्य, तूप, गूळ अधिक येई, आणि त्यावरील चुंगीतून नगरपालिकेचा झाडूवाला पोसला जाई. पाहुणा जेवला की शहराच्या तिजोरीत दोन पैसे पडत. १९७६ मध्ये मध्य प्रदेशात चुंगी जाऊन राज्याचा प्रवेशकर आला, आणि नगरपालिकांस भरपाईची रक्कम राज्याकडून मिळू लागली. १ जुलै २०१७ पासून प्रवेशकरही वस्तू व सेवा करात बुडाला. चुंगीचा जाच गेला याबद्दल कोणा व्यापाऱ्यास दुःख होणार नाही, आम्हांसही नाही. पण तिच्याबरोबर यात्रेकरूचे जेवण आणि शहराचा झाडू यांना जोडणारा धागाही तुटला, हे ध्यानात ठेविले पाहिजे. पुढची बरीचशी अडचण येथूनच उद्भवते.

खोलीभाड्याचेच घ्या. केंटकीतील कर त्याच शहरात राहतो. येथे हॉटेलच्या खोलीवर वस्तू व सेवा कर लागतो. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील सूट गेली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के दर झाला. हा कर निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. महानगरपालिकेच्या वाट्यास त्यातील काही यावयाचे तर ते भोपाळहून अनुदानाच्या वाटेने, आणि ते किती यात्रेकरू आले त्या मापाने येतेच असे नाही. धर्मशाळा चालविणाऱ्या सभासदांसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने आपल्या धर्मस्थानाच्या आवारातील खोल्या सर्वसाधारण लोकांस दिल्या, तर दिवसाला १,००० रुपयांहून कमी भाड्याच्या खोलीस या करातून माफी आहे. भाडे १,००० रुपये किंवा त्याहून अधिक झाले की माफी संपते. ट्रस्टींनी भाडे वाढविण्यापूर्वी आपल्या कर-सल्लागारास हे विचारून घ्यावे.

शहरात आज यात्रेशी संबंध असलेल्या वह्यांत सर्वांत मोठी व सर्वांच्या ओळखीची वही महाकालेश्वर मंदिराची. तिचा कारभार १९८२ च्या श्री महाकालेश्वर मंदिर अधिनियमाखाली चालतो. मंदिरासाठी एक प्रबंध समिती असते, जिल्ह्याचे कलेक्टर तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, आणि रोजचे काम प्रशासक पाहतात. दानपेट्या, भेटी, लाडूप्रसाद, शीघ्रदर्शनाचे २५० रुपयांचे शुल्क आणि भस्मारतीचे नोंदणीशुल्क ही जमेची मुख्य कलमे. खर्चात पूजाअर्चा, नोकरवर्ग, अन्नक्षेत्र, बंदोबस्त आणि बांधकामे येतात. दर्शनास शुल्क असावे की नसावे, हा श्रद्धेचा विषय आहे व त्यात आम्ही जैनांनी बोलणे शोभणार नाही. हिशेबाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्या शुल्काची छापील पावती मिळते, त्याचा हिशेब लागतो. ज्या दर्शनासाठी ओळखीचा माणूस शोधावा लागतो, त्याचा लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भाविकांकडून दर्शनासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणी मंदिराशी संबंधित काही कर्मचाऱ्यांस अटक झाली. त्यांच्या दोषादोषाचा निवाडा न्यायालय करील. आमच्यासारख्यास त्यात दिसते ते एवढेच, की गर्दी वाढली की पावतीवाचूनची रांगही वाढते, आणि अशा वेळी कलेक्टरच्या दर्जाचा अध्यक्ष असूनही वरून पाहणे पुरत नाही. खिडकीशी पाहावे लागते.

या मंदिराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही लक्ष घातलेले आहे. ज्योतिर्लिंगाची झीज होते, या तक्रारीवर १ सप्टेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने लिंगास घासण्यास मनाई केली आणि जतनाचे उपाय घालून दिले. यात्रा वाढविणे आणि यात्रेचे मूळ कारण शाबूत ठेवणे ही एकाच कारभाराची दोन अंगे आहेत. गाईच्या धारा काढाव्यात, पण चाराही पाहावा.

मंदिराला लागून असलेल्या 'महाकाल लोक'ची वही मात्र निराळी आहे, आणि ती समजावयास थोडी कठीण आहे. केंद्र सरकारने जून २०१५ मध्ये 'स्मार्ट सिटी' योजना काढली. सप्टेंबर २०१६ मध्ये तिच्यात उज्जैनची निवड झाली. योजनेचा नियम असा की निवडलेल्या शहरास केंद्राने पाच वर्षांत सरासरीने वर्षाला १०० कोटी रुपये द्यावेत, तेवढीच रक्कम राज्य व नगरसंस्था यांनी घालावी, आणि काम नगरपालिकेने स्वतः न करता त्यासाठी एक कंपनी स्थापावी. त्याप्रमाणे उज्जैन स्मार्ट सिटी लिमिटेड ही कंपनी झाली. तिच्यात राज्य शासन व नगरसंस्था यांचे भाग समसमान. महाकाल क्षेत्राच्या कामास या कंपनीखेरीज राज्य शासनाचा पैसा लागला, मंदिर समितीचा सहभाग राहिला, आणि रुद्रसागर परिसराच्या सुधारणेसाठी फ्रान्सच्या विकाससंस्थेचे साहाय्य असलेल्या एका केंद्रीय कार्यक्रमातूनही निधी आला. पहिल्या टप्प्याचे लोकार्पण ११ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्या वेळी सर्व टप्पे मिळून सुमारे ८५० कोटी रुपयांची योजना असल्याचे, आणि वर्षाकाठी येणारे सुमारे दीड कोटी यात्रेकरू दुप्पट होतील अशी अपेक्षा असल्याचे शासनाने सांगितले होते. १०८ स्तंभांचा तो मार्ग, भिंतीवरील शिल्पे व रात्रीची रोषणाई पाहून बाहेरगावचे पाहुणे थक्क होतात, आणि आम्हांसही अभिमान वाटतो.

तेथेच २८ मे २०२३ रोजी वादळ झाले आणि सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा कोसळल्या. मूर्ती फायबरच्या होत्या. पुढे चौकशी, आरोप, प्रत्यारोप हे सर्व यथाक्रम झाले. त्यात आम्ही शिरत नाही. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने जे प्रश्न उठतात ते साधे आहेत. मालाचा नमुना कोणी पसंत केला? उतरवून घेताना कोणी तपासला? बिल चुकते करताना किती टक्के रक्कम अनामत म्हणून रोखून धरली, आणि माल बिघडल्यास फुकट बदलून देण्याची मुदत किती? गव्हाच्या शंभर पोत्यांच्या सौद्यात आपण ही चारही कलमे पाहतो. जेथे पैसे देणारे चार आणि काम करवून घेणारा पाचवा असतो, तेथे ही कलमे कोणा एकाच्या मेजावर राहत नाहीत. कंपनीपद्धतीचा हाच गुण आणि हाच दोष. गुण असा की काम झपाट्याने होते, टेंडरास नगरसभेची तारीख पाहावी लागत नाही. दोष असा की ज्या नगरसेवकास आपण मत दिले, त्याला सभागृहात उभे राहून 'ही कंपनीची बाब आहे' एवढे ऐकून खाली बसावे लागते. शासनाच्या ताब्यातील कंपनीचा हिशेबतपासनीस भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात, ही कायद्यातील व्यवस्था चांगली आहे. पण तो अहवाल पेठेतील माणसाच्या हाती क्वचितच पडतो. केंद्राची ही योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. उभारलेल्या वस्तू मात्र राहिल्या. त्यांची डागडुजी, वीज व पहारा यांचा खर्च दरवर्षीचा आहे, आणि बांधकामाच्या कोनशिलेवर तो खर्च कधी लिहिलेला नसतो.

तो खर्च शेवटी कोणाकडे येतो, हे पाहू गेल्यास बोट महानगरपालिकेकडे वळते. १९५६ च्या महानगरपालिका अधिनियमाने शहराचे पाणी, सफाई, दिवे, गटारे, घाट आणि रस्ते हे सर्व तिच्या गळ्यात घातले आहे. कार्तिक मेळा तीच भरविते. घरपट्टी व पाणीपट्टी मात्र ती फक्त येथे राहणाऱ्यांकडूनच घेऊ शकते. म्हणजे कोट्यवधी पाहुण्यांचा कचरा उचलावयाचा आणि त्याचा खर्च काही लाख रहिवाशांकडून भागवावयाचा, असा हा संसार आहे. पाहुण्यांच्या पत्रावळी घरधन्याने उचलाव्यात हे आपल्या रीतीस धरूनच आहे. पण पाहुणे वर्षभर यावयाचे असतील तर घरधन्याने दाण्यापाण्याची निराळी तजवीज केली पाहिजे, हेही तितकेच खरे.

प्रचाराचे काम पुन्हा निराळ्या हातांत आहे. मध्य प्रदेश राज्य पर्यटन विकास निगम १९७८ पासून हॉटेले व वाहने चालविते. जाहिरात, धोरण व गुंतवणूक पाहण्यासाठी २०१७ मध्ये पर्यटन मंडळ झाले. जिल्ह्यास कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पुरातत्त्व, पर्यटन व संस्कृती परिषद असते. केंटकीच्या आयोगाशी नाते सांगावयाचे तर उज्जैनमध्ये ते या परिषदेचेच. तिच्यात स्थानिक मंडळींस घेण्यास वाव आहे, व ती स्थानिक स्थळांसाठी योजना सुचवू शकते. आमचे प्रामाणिक मत असे की व्यापारी संघांनी मोठ्या मंडळांच्या मागे धावण्यापेक्षा या परिषदेकडे अधिक लक्ष द्यावे. अवंती पार्श्वनाथाचे तीर्थ क्षिप्रेच्या काठी आहे, आणि सिद्धसेन दिवाकरांची कथा त्याच्याशी निगडित आहे. जयसिंहपुऱ्यात दिगंबर जैन मूर्तींचा संग्रह आहे. सम्राट संप्रती व कालकाचार्य यांच्या परंपरा याच नगरीच्या. मक्सीचे पार्श्वनाथ येथून सुमारे ४० किलोमीटर. महाकालास आलेला सोलापूरचा किंवा बेळगावचा जैन यात्रेकरू दुसऱ्या दिवशी परतीची गाडी पकडतो, कारण ही स्थळे एका दिवसाच्या फेरीत बसतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो एक रात्र अधिक राहिला, तर आमच्या शहराच्या पोह्याच्या गिरणीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांस त्याचा लाभ आहे. एका छापील नकाशाच्या खर्चात होणारे हे काम आहे.

प्रचाराचे आणखी एक रूप अलीकडे दिसते, ते करमाफीचे. २०२४ च्या विक्रमोत्सवात भरलेल्या व्यापारमेळ्यात नव्या वाहनांवरील मोटारकरात ५० टक्के सूट दिली गेली, आणि दूरदूरचे लोक गाड्या घेण्यास उज्जैनला आले. अशा वेळी तिजोरीतून पैसा जाताना दिसत नाही, पण न आलेला पैसा हाही खर्चच होय. त्याचे कलम कोठेतरी लिहिले गेले पाहिजे. याच्या उलट उदाहरण १ एप्रिल २०२५ चे. त्या दिवसापासून उज्जैनच्या नगरहद्दीतील दारूची दुकाने बंद झाली. त्यात राज्याचे अबकारी उत्पन्न बुडाले. हे नुकसान मात्र आमच्या समाजास मनापासून मान्य आहे, आणि त्याबद्दल कोणी हिशेब मागितल्यास आम्ही मागे सरणार नाही!

या सर्व वह्या दर बारा वर्षांनी एकत्र येतात, त्या सिंहस्थात. १९५५ मध्ये, मध्य भारत राज्य असताना, सिंहस्थ मेळ्याचा कायदा झाला, आणि आजही मेळ्याच्या व्यवस्थेत त्याचा आधार घेतला जातो. मेळा अधिकारी नेमला जातो, पोलीस, आरोग्य, पाणी, वीज, रस्ते ही सर्व खाती त्याच्याभोवती गोळा होतात, व राज्याच्या अंदाजपत्रकात खास रक्कम धरली जाते. मागील सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे २०१६ असा झाला. त्यापूर्वी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, सुमारे ४३२ कोटी रुपये खर्चून नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणण्याची योजना सुरू झाली, कारण उन्हाळ्यात क्षिप्रेस स्वतःचे पाणी फारसे नसते. आज स्नान घडते ते पंपाने वर चढविलेल्या नर्मदेत, आणि पंपास वीज लागते. ही वीज दरवर्षीच्या खर्चात धरावयाची आहे, हे सिंहस्थाच्या उत्साहात कोणास सुचत नाही. इंदूरकडून कान्ह नदीतून येणारे मैले पाणी वळविण्याचे कामही २०२८ च्या सिंहस्थासाठी हाती घेतलेले आहे. नदी स्वच्छ नसेल तर प्रचाराची सर्व पत्रके व्यर्थ. इतके महत्त्व आम्ही या एका कामास देतो.

२०२८ च्या तयारीत जमिनीचा प्रश्न निघाला, त्याची आम्हांस विशेष आस्था आहे, कारण ती जमीन गव्हाची व सोयाबीनची. मेळ्यापुरती शेते घ्यावयाची, मोबदला द्यावयाचा व मेळा उठल्यावर शेते परत करावयाची, ही जुनी रीत. यंदा विकास प्राधिकरणामार्फत मेळाक्षेत्रात कायमचे रस्ते व बांधकामे करण्यासाठी जमिनी एकत्र करून त्यांचा काही भाग मालकांस परत देण्याची योजना निघाली. शेतकऱ्यांनी तीस कडक विरोध केला, आणि २०२५ च्या अखेरीस शासनाने ती मागे घेतली. ज्याच्या शेतात तंबू उभा राहावयाचा, त्याला प्रथम विचारले असते तर वर्ष वाया गेले नसते. शहरातही रस्तारुंदीकरणात ज्यांच्या दुकानाची पुढची खोली गेली त्यांस असेच वाटते; त्यांत आमच्या सभासदांची संख्या थोडी नाही.

आता राहिला यात्रेकरूवर कर बसविण्याचा प्रश्न. अधूनमधून कोणीतरी म्हणतो की माणशी दहा-वीस रुपये घेतले की महानगरपालिकेची चिंता मिटेल. ही कल्पना नवी नाही. १९५६ मध्ये संसदेने यात्रा व मेळ्यांच्या ठिकाणी रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्या उतारूंवर सीमाकर बसविण्याचा कायदाच केला होता. परंतु आम्हा जैनांस या कल्पनेचा इतिहास अधिक जवळून ठाऊक आहे. शत्रुंजयावर जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूकडून पालिताणा संस्थान रखवालीचा कर घेऊ पाहत असे. मोजणी, अडवणूक आणि तक्रारी यांना कंटाळून आणंदजी कल्याणजी पेढीने संस्थानास ठोक रक्कम देण्याचे करार केले. १८८६ च्या कराराने वर्षाला १५,००० रुपये, मुदत ४० वर्षे. ती मुदत १९२६ मध्ये संपली तेव्हा दरबाराने पुन्हा माणशी कर मागितला, आणि ब्रिटिश एजंटाने वर्षाला १ लाख रुपयांचा निवाडा दिला. त्यावर हिंदुस्थानभरच्या श्वेतांबर संघांनी शत्रुंजयाची यात्राच थांबविली. सुमारे दोन वर्षे तो डोंगर यात्रेकरूंवाचून राहिला. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चातुर्मासानंतर पालिताण्याची वाट धरली जाई, त्यांनी मन घट्ट करून ती सोडली. अखेर मे १९२८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने सिमल्यास तडजोड झाली : वर्षाला ६०,००० रुपये, मुदत ३५ वर्षे. पेढीचे अध्यक्ष शेठ कस्तुरभाई लालभाई हे त्या वाटाघाटींत पुढे होते. १९४८ मध्ये पालिताणा संस्थानच सौराष्ट्रात विलीन झाले.

जपानातील क्योतो शहरीही असेच घडले. १९८५ मध्ये तेथील नगरपालिकेने प्रसिद्ध मंदिरांस भेट देणाऱ्यांकडून माणशी ५० येन घेण्याचे ठरविले व ते मंदिरांनी वसूल करून द्यावेत असे सांगितले. मोठमोठ्या मंदिरांनी दारेच बंद केली. पर्यटक आले आणि बंद दारे पाहून परतले. दुकानदार हवालदिल झाले. १९८८ मध्ये तो कर रद्द करावा लागला. त्याच क्योतोने ऑक्टोबर २०१८ पासून मुक्कामाच्या खोलीवर कर बसविला आणि तो चालू राहिला. देवाच्या दारात उभे राहून मागितलेला पैसा आणि मुक्कामाच्या बिलात मिळविलेला पैसा यांत माणूस फरक करतो. आमचेही मत तेच. यात्रेकरूवर माणशी कर नको. वस्तू व सेवा करात या शहरातून जे जाते त्यातील ठरावीक हिस्सा यात्रानगर म्हणून महानगरपालिकेस निराळ्या खात्यात परत मिळावा, व त्या खात्यातून सफाई, पाणी आणि घाट याखेरीज दुसरे काही खर्ची पडू नये, ही मागणी संघांनी केल्यास ती कोणास अन्यायाची वाटणार नाही.

मागणी करण्यापूर्वी आकडे हाती पाहिजेत, आणि ते मिळविणे वाटते तितके कठीण नाही. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक मार्चअखेरच्या सुमारास सभागृहापुढे येते. त्या वेळी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडून प्रत मागून घ्यावी. इतर वह्यांसाठी २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज करावा. शुल्क १० रुपये, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. 'पर्यटनावर काय खर्च केला' असे मोघम विचारू नये; त्याचे उत्तरही मोघमच येते. कोणत्या वर्षी, कोणत्या कामास, कोणत्या खात्यातून, किती मंजूर व किती अदा, आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाकडे किती मुदतीची, असे वेगवेगळे विचारावे. एका अर्जात एकच काम घ्यावे. उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते, व त्यापुढे भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे. अर्ज वैयक्तिक नावाने करावा, संघाच्या नावाने नव्हे, कारण कायद्याने हा अधिकार नागरिकास दिलेला आहे.